वृक्षाभोवतीचा गोल लाकडी पार : रचना आणि हिशेब

भुसार मालाच्या व्यापाऱ्याने सुतारकामावर लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. स्मरणिकेसाठी आमच्याकडे लेख मागितला गेला तेव्हा बाजारपेठ, साठवण किंवा मालाची प्रतवारी यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही लिहू, अशीच संपादक मंडळाची अपेक्षा असावी. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरी येणारे सभासद बंधू अंगणातील आंब्याभोवतीचा गोल लाकडी पार पाहून थांबतात, त्यावर बसतात आणि तो कसा बांधला हे विचारतात. प्रत्येकास तोंडी सांगताना काही ना काही राहून जाते. शिवाय हा पार आम्ही हौसेने बांधलेला नाही. आमच्या हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीचे ते परिमार्जन आहे. तीच चूक बेळगावातील अनेक नव्या बंगल्यांच्या अंगणांत आज होत असलेली आम्ही पाहतो. सबब चूक आणि उपाय ही दोन्ही सविस्तर मांडावी, असे आम्ही ठरविले.

आमची चूक

आमच्या घराच्या पूर्वेस आंब्याचे एक झाड आहे. ते आमच्या मातोश्रींनी लावलेले. आमचे थोरले बंधू अण्णा पहाटेचा जप त्याच झाडाखाली करीत आले. वय झाल्यावर त्यांना खाली मांडी घालणे कठीण होऊ लागले. म्हणून २०१० साली आम्ही झाडाभोवती दोन फूट उंचीचा सिमेंटचा चौथरा बांधला. आत माती भरून ती धुमसली, वर फरशी बसविली आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून फरशीचे सांधे थेट खोडापर्यंत सिमेंटने बुजविले. काम नीटनेटके झाले. येणारे-जाणारे वाखाणणी करीत, आणि आम्हीही मनात सुखावलो.

तिसऱ्या वर्षी शेंड्याकडील पाने पिवळी पडू लागली. मोहोर आला तो गळून गेला. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेकडील एक मोठी फांदी वाळली. बागायतीचे एक जाणकार गृहस्थ पाहावयास आले. त्यांनी झाडाकडे पाहण्याआधी चौथऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "झाडाला रोग काही नाही. तुम्ही त्याचा श्वास कोंडला आहे."

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. अन्नपाणी शोषणारी झाडाची बहुतेक बारीक मुळे खोल नसतात, ती जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. वर दोन फूट माती घालून ती धुमसली, त्यावर फरशी लावली, की मुळांकडे ना हवा जाते ना पाणी. दुसरे असे की, खोडाची साल ही मातीत राहण्यासाठी नाही. ती मातीने वेढली गेली म्हणजे ओलसर राहते आणि कुजते. पुष्कळ जुन्या पारांचे दगडी सांधे मोकळे असत आणि वरची माती उघडी असे, त्यामुळे पाणी मुरे व हवा खेळे. आम्ही आकार पाराचा घेतला आणि काम मात्र टाकीचे केले.

चौथरा फोडावयाचा हे तर ठरले. पण अण्णांनी बसावे कुठे? खुर्ची मांडून देता आली असती. तथापि त्या झाडाखाली सायंकाळी चार-सहा वयोवृद्ध मंडळी जमत, त्यांच्या गोष्टी चालत. ती बैठक मोडावी, हे आमच्या मनास येईना. तेव्हा जमिनीस न दाबता, खोडास न शिवता, वरच्या वर उभा राहील असा लाकडी पार करावा, असा विचार निघाला. शहरांतून हल्ली बागेतील अशा लाकडी बैठकीस 'डेक' म्हणतात. आम्ही तिला पारच म्हणतो.

येथे अण्णांनी एक अट घातली. एक झाड वाचविण्यासाठी दुसरे तोडलेले लाकूड आणावयाचे नाही. अट रास्त होती. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतील तुळया, कड्या आणि तक्तपोशीच्या फळ्या विकावयास येतात. आम्ही तसे जुने सागवान रीतसर पावती घेऊन खरेदी केले. अटीमुळे लाभच झाला. अनेक वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड नव्या लाकडाइतके पिळवटत नाही. एवढे मात्र ध्यानी ठेवावे की, अशा लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. ते शोधून काढल्याखेरीज करवत लावू नये. तसेच फळीच्या कडेस जे फिकट पांढरट लाकूड असते ते काढून टाकावे. वाळवीस आणि कुजण्यास दाद देत नाही तो सागाचा गाभा. कडेचे पांढरे लाकूड इतर कोणत्याही लाकडासारखेच लवकर खराब होते.

गोल आकाराच्या तीन रीती

लाकूड सरळ असते आणि पार गोल हवा, ही या कामातील मुख्य अडचण. ती सोडविण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत सर्वांत सोपी. सर्व फळ्या एकाच दिशेने, घराच्या तक्तपोशीप्रमाणे, शेजारी शेजारी बसवावयाच्या, त्यांची टोके बाहेर वेडीवाकडी सोडावयाची आणि शेवटी वर गोल रेषा आखून सर्व टोके एकदम कापावयाची. झाड नसलेल्या मोकळ्या जागी ही रीत उत्तम. झाड मध्ये असले, की खोडासमोर येणाऱ्या सर्व फळ्या तुटतात आणि त्यांना आधार देताना सांगाड्याचा घोळ होतो.

दुसरी रीत सूर्यकिरणांसारखी. प्रत्येक फळी बाहेर रुंद आणि आत निमुळती कापावयाची. घागऱ्याच्या कळ्या कापताना शिंपी एक कळी सुलटी व एक उलटी ठेवतो, त्याप्रमाणे एका फळीतून दोन कळ्या काढल्या तर लाकूड फुकट जात नाही. हा पार दिसावयास सर्वांत सुंदर, पण प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा तिरक्या रंधाव्या लागतात आणि मजुरी फार पडते.

तिसरी रीत अष्टकोनाची. वर्तुळाचे आठ भाग करून प्रत्येक भागात फळ्या आडव्या बसवावयाच्या. त्या खोडाभोवती एकामागून एक कड्यांसारख्या दिसतात. बाहेरच्या दोन ओळी तेवढ्या गोल कापावयाच्या. आम्ही ही रीत पत्करली, कारण तिचा सांगाडा आम्हांस ओळखीचा वाटला. आमच्या लहानपणी धान्याच्या गाड्या बैलांच्या असत. त्या गाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाकदार तुकडे आणि त्या सर्वांस आवळून धरणारी लोखंडी धाव. आमचा पार म्हणजे आडवे ठेवलेले गाडीचे चाकच. फरक इतकाच की, तुंब्याच्या जागी झाड आहे, आणि त्यास कोणताही आरा शिवत नाही.

मापे आणि हिशेब

बसण्याच्या उंचीवर खोडाचा घेर ६६ इंच भरला. २२/७ ने भागता व्यास २१ इंच होतो. खोडाभोवती ३ फुटांची अष्टकोनी मोकळी जागा सोडली, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे साडेसात इंच. जोमदार झाडाचा घेर वर्षास एक इंच वाढतो असे धरले, तर १२ वर्षांत तो १२ इंच वाढेल. व्यास त्याने सुमारे ४ इंच वाढेल, आणि एका बाजूची मोकळी जागा २ इंचांनी कमी होईल. शिवाय वाऱ्याने खोड हलते, त्यासाठीही मोकळीक हवीच.

पाराचा बाहेरचा व्यास १४ फूट धरला. परीघ ४४ फूट येतो. क्षेत्रफळ १५४ चौरस फूट, त्यातून मधली जागा वजा जाता सुमारे १४७ चौरस फूट राहते. सव्वा इंच जाडीच्या फळ्यांस, कापणीतील तूट धरून, १७ घनफूट लाकूड लागले. सांगाड्यास १८ व कडेच्या पट्टीस २, मिळून ३७ घनफूट. लाकूड घेण्यापूर्वी हा हिशेब प्रत्येकाने स्वतः कागदावर करावा. मिस्त्री अडाणी असतो असे नव्हे, परंतु लाकूड कमी पडण्यापेक्षा उरलेले बरे, असा त्याचा कल असतो, आणि उरलेल्याचे पैसे आपण भरलेले असतात.

उंची १८ इंच ठेवली, कारण वृद्ध माणसास कडेवर बसून पाय जमिनीस टेकविता आले पाहिजेत. हिशेब असा : दगड पावणेसात इंच, त्यावर तुळई पाच, तिच्यावर कडी पाच आणि फळी सव्वा, मिळून अठरा.

पाया : खणावयाचे नाही

चौथरा फोडून माती काढली ती हलक्या हाताने, खुरप्याने, जमिनीची मूळ पातळी लागेपर्यंत. कुदळ वापरली असती तर उरलीसुरली मुळेही तुटली असती. हे काम आम्ही चातुर्मास संपल्यावर घेतले. पावसाळ्यात माती उकरू नये हा आपला आचार आहेच, शिवाय ओल्या मातीत पाय पडला, की ती दबून मुळांवर घट्ट बसते. धर्म आणि व्यवहार यांचे येथे एकमत आहे.

पायासाठी खड्डे घेतले नाहीत. काळ्या दगडाचे सपाट ठोकळे जमिनीवरच, दोन बोटे वाळू पसरून, ठेवले. आमच्या भागातील जांभा दगड पाणी पितो, म्हणून तो टाळला. बाहेरच्या तुळईखाली आठ दगड आणि आतल्या तुळईखाली चार. जेथे मूळ वर आलेले दिसले तेथे दगड हातभर बाजूस सरकविला. दगडाची जागा मुळाने ठरवावी, आपण नव्हे. सर्व दगड एका पातळीत आणताना मध्ये झाड येत असल्यामुळे दोरी ताणता येत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी झाडाला वळसा घालून फिरविली, की काम अचूक होते. दगड व लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागदाचा तुकडा ठेवला, म्हणजे दगडाची ओल लाकडात चढत नाही.

येथे आमच्या धंद्याचे ज्ञान उपयोगी पडले. गोदामात आपण पोती कधी जमिनीवर टेकवीत नाही. खाली लाकडी चौकटी घालतो आणि भिंतीपासून अंतर सोडतो. जमिनीची ओल व कोंडलेली हवा हे मालाचे शत्रू आहेत, हे आपणांस वाडवडिलांनी शिकविले. लाकडाचे शत्रूही तेच. पाराखालून वारा आरपार वाहिला पाहिजे. कित्येक लोक खालची बाजू शोभेसाठी फळ्यांनी बंद करतात, ते करू नये.

वाळवीविषयीही हेच. औषध फवारून जीव मारण्याचा प्रश्न आम्हांस मुळातच नको होता. वाळवी जमिनीतून लाकडाकडे जाताना मातीची नळी बांधून जाते. लाकूड मातीस कोठेही टेकलेले नसेल, तर तिला ती नळी उघड्या दगडावरूनच बांधावी लागते आणि ती आपणांस दिसते. दर पंधरवड्यास खाली वाकून बारा दगड पाहावेत, नळी दिसल्यास कुंच्याने हलकेच झाडून टाकावी. वाळवी परत जमिनीत जाते. आजतागायत आम्हांस याहून अधिक काही करावे लागलेले नाही. पाराखाली झाडू जावा म्हणून एका भागातील काही फळ्या काढता येतील अशा ठेवल्या आहेत.

अष्टकोन आणि साडेबावीस अंश

प्रथम झाडाभोवती १४ फुटांचा चौरस दोरीने आखला. मध्ये झाड असल्याने कर्ण मोजून चौरस तपासता येत नाही. म्हणून प्रत्येक कोपरा ६, ८ आणि १० फुटांच्या त्रिकोणाने काटकोनात आणला. चौरसाचा अष्टकोन करण्याची युक्ती अशी : चौरसाच्या कर्णाच्या निम्मे माप प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर घ्यावे. १४ फुटांच्या चौरसात हे माप ९ फूट पावणेअकरा इंच येते. अशा आठ खुणा मिळतात, त्याच अष्टकोनाचे आठ कोन. प्रत्येक आरा आतून या खुणेच्या दिशेने जातो.

प्रत्येक आरा जोडीचा केला आहे. दोन इंच जाडीच्या दोन कड्या, मध्ये बोटभर फट सोडून. दोन भागांच्या फळ्या या जोडावर येऊन मिळतात, तेव्हा प्रत्येकीस टेकावयास स्वतंत्र कडी मिळते आणि सांध्यातील पाणी फटीतून सरळ खाली पडते. एकच रुंद कडी घातली असती तर पाणी तिच्या पाठीवर साचून नेमका सांधाच प्रथम कुजला असता. दोन आऱ्यांच्या मध्ये, फळ्यांस काटकोनात, आणखी तीन कड्या बसविल्या, जेणेकरून कोणत्याही फळीचा आधार दीड फुटापेक्षा दूर राहत नाही.

फळीची टोके साडेबावीस अंशांत कापावी लागतात. ३६० अंशांचे आठ भाग केले, की ४५ येतात, आणि सांध्यावर दोन फळ्यांनी ते निम्मे निम्मे वाटून घ्यावयाचे. कंपासने काटकोनाचा अर्धा व त्याचा पुन्हा अर्धा काढून हा कोन आम्ही एका जाड प्लायवुडच्या तुकड्यावर कायमचा करून घेतला. गुण्याने पाहावयाचे झाल्यास १२ इंच लांबीस ५ इंचांहून केसभर कमी इतका हा तिरकस येतो. पहिल्या दिवशी मिस्त्रीने नजरेने कापलेल्या फळ्या आठव्या सांध्यास येऊन दोन बोटे उघड्या पडल्या. पोत्यामागे ५० ग्रॅमची चूक १०० पोत्यांत ५ किलोंची होते. तसेच एका कडेत १६ टोके असतात, आणि अर्ध्या अंशाची चूक त्यांत मिळून आठ अंशांची होते. त्यानंतर एकही फळी त्या नमुन्यावर ठेवल्याखेरीज कापली नाही.

अशा १६ ओळी झाल्या. फळी चार इंच रुंद, आणि दोन फळ्यांत दोन सूत अंतर. चार इंची सागवानी फळी कडक उन्हाळा आणि ऐन पावसाळा यांत सुमारे अर्धा सूत कमी-अधिक होते. दोन सूत अंतर ठेवल्यास ती फुगली तरी शेजारणीस ढकलीत नाही, पाणी थांबत नाही आणि वृद्धांची काठीही फटीत अडकत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. प्रत्येक आधारावर दोन, आणि आधी भोक पाडून, नाहीतर टोकाकडे फळी तडकते. झाडास खिळा वा स्क्रू कदापि मारू नये.

केंद्राशिवाय वर्तुळ

आता बाहेरची कड गोल कापावयाची. मोकळ्या जागी हे पोराचे काम. मध्ये खुंटी मारावी, दोरी बांधावी आणि फिरवावी. आमचा मिस्त्री मात्र पेन्सिल हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, "सावकार, खुंटी मारायच्या जागी झाड आहे. गोल काढायचा कुठून?"

खोडालाच दोरी गुंडाळून फिरवावी असे एकाने सुचविले. परंतु खोड गोल नसते, त्यास उंचवटे असतात, आणि दोरी गुंडाळली जाताना आखूड होत जाते. दोन दिवस काम थांबले. तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात शिकलेले एक प्रमेय आम्हांस आठवले : वर्तुळाच्या कोणत्याही जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो. पन्नास वर्षांपूर्वी हे घोकले तेव्हा त्याचा उपयोग काय, असे आम्ही गुरुजींस विचारले होते. उपयोग असा झाला.

प्लायवुडचे एक कडे कापून घेतले. बाहेरचा व्यास ४ फूट, आतला ३ फूट. ते दोन अर्धकड्यांत कापून खोडाभोवती फळ्यांवर ठेवले. आतली कड मधल्या अष्टकोनाच्या आठही बाजूंच्या मध्यास बरोबर टेकली, म्हणजे कडे आपोआप मध्यावर आले. मग एका लांब पट्टीच्या टोकास आठ इंचांची आडवी पट्टी काटकोनात जोडली, आणि तिच्या दोन टोकांस, मध्यापासून समान अंतरावर, दोन खिळे मारले. दोन्ही खिळे कड्याच्या बाहेरच्या कडेस टेकवून धरले, की आडवी पट्टी जीवेच्या जागी येते आणि लांब पट्टी तिचा लंबदुभाजक होते. अर्थात ती प्रत्येक ठिकाणी झाडाच्या पोटातील त्या न दिसणाऱ्या केंद्राकडेच रोख धरते. कड्याच्या कडेपासून लांब पट्टीच्या मध्यरेषेवर ५ फुटांवर पेन्सिल बसविली. दोन्ही खिळे टेकलेले ठेवून पट्टी सावकाश सरकवीत नेली, आणि ७ फूट त्रिज्येचे वर्तुळ पुरे झाले. टेपने परीघ मोजला, तो ४४ फुटांस बोटभर कमी भरला. मिस्त्रीने कान पकडला आणि कापावयास सुरुवात केली.

कडेची पट्टी

गाडीच्या चाकास धाव, तशी पारास बाहेरून एक गोल पट्टी हवी. ती फळ्यांची कापलेली टोके झाकते. येथे लाकूड खरोखर वाकवावे लागते. एक इंच जाडीची पट्टी पूर्ण वर्तुळात वाकविली, तर बाहेरचा परीघ आतल्याहून सुमारे सव्वासहा इंच अधिक होतो, मग वर्तुळ लहान असो वा मोठे. हा फरक लाकडाने कोठून तरी भरून काढावा लागतो, आणि न साधल्यास पट्टी मोडते.

काही सुतार आतल्या बाजूने करवतीच्या अर्धवट खाचा पाडून पट्टी वाकवितात. घरातील सामानास ती रीत चालते. उघड्यावर प्रत्येक खाचेत पाणी राहते आणि पट्टी आतून कुजते. वाफेवर शिजवून वाकविण्याची दुसरी रीत आहे. एक इंच जाडीस सुमारे एक तास वाफ द्यावी लागते. परंतु वर्षानुवर्षे वाळलेले जुने लाकूड वाफेस फारसे मानत नाही. आम्ही तिसरी रीत धरली. एका जाड पट्टीऐवजी तीन-तीन सूत जाडीच्या तीन पातळ पट्ट्या एकीवर एक बसविल्या. इतकी पातळ पट्टी ७ फूट त्रिज्येस हाताने, वाफेशिवाय, वाकते. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ दिला नाही. पट्टी आणि फळ्यांची टोके यांत एक सूत फट ठेवली, आणि बसणाऱ्याच्या पायास रुतू नये म्हणून वरची कड रंध्याने गोलसर केली.

निगा

कापलेल्या प्रत्येक टोकास, फळी बसविण्यापूर्वी, उकळलेले अळशीचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन वेळा पाजले. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांतून. पाऊस गेल्यावर दरवर्षी संपूर्ण पारास एक हात देतो. येथे एक धोका आवर्जून सांगावयाचा आहे. अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडते, गोळ्यात ती कोंडते, आणि फडके काडी न लावता आपोआप पेटते. ओलसर धान्याची रास आतून कशी तापते हे आपण सर्वांनी हात घालून पाहिले आहे. वापरलेली फडकी पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर एक-एक पसरून वाळवावीत.

पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ येते आणि पाय घसरतो, म्हणून आठवड्यास ताठ कुंच्याने ते घासावे. फटींत अडकलेली पाने काढावीत. खाली पडलेली पाने मात्र तशीच राहू द्यावीत, ती मुळांस पांघरूण होतात.

उपसंहार

दोन मिस्त्री आणि एक मदतनीस यांनी तेरा दिवसांत २०१४ च्या डिसेंबरात हे काम पुरे केले. वाळलेली फांदी परत आली नाही, ती कापावी लागली. उरलेल्या झाडास दुसऱ्या वर्षी नवी पालवी दाट आली आणि तिसऱ्या वर्षी फळ धरले. पूर्वीइतका आंबा आजही येत नाही. चुकीची काही वसुली राहतेच.

ज्यांना पार बांधावयाचा नाही त्यांनाही एक विनंती आहे. अंगणात फरशी किंवा पेव्हर घालताना खोडाभोवती निदान दोन-तीन हात जमीन उघडी सोडावी, आणि खोडास मातीचा ढीग लावू नये. एवढ्याने खर्च वाढत नाही, उलट थोडी फरशी वाचते. आपण व्यापारी माणसे जागा भरण्यात तरबेज आहोत, गोदामात रिकामी जागा दिसली की आपणांस तोटा दिसतो. या कामात मात्र जेथे जेथे जागा सोडली तेथेच पार टिकला : फळीफळीत दोन सूत, आऱ्याच्या पोटात बोटभर, जमिनीवर पावणेसात इंच आणि झाडाभोवती साडेसात.

२०२४ साली खोडाचा घेर पुन्हा मोजला. तो ७४ इंच भरला. दहा वर्षांत आठ इंच, म्हणजे मोकळी जागा आता सव्वासहा इंच राहिली आहे. ती ४ इंचांवर आली, की सर्वांत आतली ओळ काढावी, असे आम्ही ठरविले आहे. याच गतीने ती वेळ २०४१-४२ च्या सुमारास येईल. ते काम बहुधा आमच्या हातून व्हावयाचे नाही. म्हणून त्या ओळीच्या स्क्रूंवर लाकडी खुंट्या ठोकून ते झाकले नाहीत, उघडेच ठेवले आहेत, आणि कोणती फळी आधी काढावी हे घरखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. अण्णांनी ते पान वाचून त्याखाली एक ओळ वाढविली : काढलेल्या आठ फळ्या टाकू नयेत, त्यांचा पाट होईल.